धनशक्ती बाजरी: खर्च तोच, लोह जास्त



आज बोलूया धनशक्ती बाजरीबद्दल.
दाण्यात लोह जास्त असलेलं हे वाण.
इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं तयार केलेलं.
महाराष्ट्रात ते आलं २०१२ साली.

तुम्ही विचाराल, भाव जास्त मिळतो का?
खरं सांगायचं, तर सहसा नाही.
व्यापारी दाण्याचा रंग बघतो, टपोरेपणा बघतो.
लोह काही डोळ्यांना दिसत नाही!

मग परवडतं कसं?
लोहासाठी वेगळा खर्च नाही, म्हणून.
मशागत तीच. खत तेच.
पुन्हा सांगतो, वेगळा खर्च नाही.

शिवाय हे सरळ वाण आहे.
संकरित बियाणं दरवर्षी विकत आणावं लागतं.
धनशक्तीचं घरचं बी पुढच्या हंगामात पेरता येतं.
फक्त एक काळजी घ्या.
बाजरीचे पराग वाऱ्यानं उडतात.
शेजारी दुसरं वाण असेल, तर कडेच्या ओळी सोडा.
बियाण्यासाठी मधली, निरोगी कणसं निवडा.

सगळी बाजरी विकायचीच असेल, तर गणित बदलतं.
तिथे संकरित वाणाचं जास्त उत्पादन कामी येतं.
लोहयुक्त संकरित वाणंही आहेत.
परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एएचबी १२०० त्यातलंच.

पण निम्मी बाजरी घरच्या भाकरीला लागत असेल,
तर माझं मत धनशक्तीला.