खुर्ची कुणासाठी?



नोव्हेंबर १८९६. अमेरिकेतल्या यूटा राज्यात सिनेटची निवडणूक होती. डॉ. मार्था ह्यूज कॅनन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभ्या होत्या. रिपब्लिकन उमेदवारांत खुद्द त्यांचे पती अँगस होते. मार्था निवडून आल्या, पती हरले. राज्य-सिनेटवर निवडून गेलेल्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री.

नवऱ्याला हरवल्याची गंमत सांगून लोक थांबतात. पण मिळालेल्या खुर्चीचं त्यांनी काय केलं? दुकानांत दिवसभर उभं राहून राबणाऱ्या बायका-मुलींना मालकानं बसायला आसन द्यावं, असं विधेयक त्यांनी मांडलं. त्याचा कायदाही झाला.

केरळात हा हक्क २०१८ साली कायद्यात आला. आपल्या गावच्या साडीच्या दुकानातली मुलगी बसू शकते का? उद्याच जाऊन विचारूया.