लक्ष्मीपूजनाचा रुपया आणि चिंचेचा कोळ



दिवाळी जवळ आली की कपाटातून एक डबी खाली येते. तुमच्याकडेही असेल. आत राणी छाप चांदीचे रुपये, १९४३ नंतरचा भोकाचा पैसा, शिवाय इथलं १९६६ सालचं गोल पन्नास सेंटचं नाणं. आणि लगेच घरातलं कुणीतरी म्हणतं, "आणा इकडे, चिंच लावून लख्ख करते."

तेवढं मात्र करू नका.

राणी व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. घासल्यावर नुसता काळेपणा जात नाही, राणीच्या केसांच्या बारीक रेघाही जातात, आणि त्या परत येत नाहीत. प्रतवारी करणाऱ्या संस्था नाण्याला १ ते ७० मधला अंक देतात. घासलेल्या नाण्याला बहुधा अंकच मिळत नाही, 'साफ केलेले' एवढा शेरा मिळतो.

प्रतवारी झालेलं नाणं कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत येतं. तिला स्लॅब म्हणतात. स्लॅब आला म्हणजे काळजी मिटली, असं मात्र नाही. तो पूर्ण हवाबंद नसतो आणि त्यावर ओरखडेही पडतात. म्हणून प्रत्येक स्लॅबला पातळ पिशवी घाला, पण मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीची नको. तिच्यामुळे सुट्या नाण्यांवर तर हिरवट, चिकट थर चढतो. रबरबँड आणि लोकरीचं कापडही दूर ठेवा. त्यांतल्या गंधकानं चांदी काळवंडते. डब्यात स्लॅब उभे ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

भिंतीवर लावायचे असतील तर खाचा असलेली खोल चौकट घ्या. स्लॅबला गोंद लावू नका. पेंडल हिलच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. ती भिंत टाळा. फोडणीची वाफ आणि समईचा धूर पोहोचेल ती भिंतही टाळा. आतल्या बाजूची, सावलीतली भिंत आणि छोटा एलईडी दिवा पुरे.

मग पूजेचं काय? स्लॅब न उघडता ताटात ठेवा, हळदकुंकू शेजारच्या सुपारीला वाहा. पंचामृतासाठी चांदीचं साधं, नवं नाणं वेगळं ठेवा. लक्ष्मी रागावणार नाही.

आणखी एक. या खेपेला गावाहून आजीची डबी आणायचा बेत असेल, तर आधी नाण्यांवरची सालं वाचा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं आपल्यासारख्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरियाचा प्रत्येक रुपया त्यात येतो, शिवराई तर येतेच. ती डबी तिथेच, कोरड्या जागी, नीट राहू द्या.

शेवटी, प्रत्येक स्लॅबचा फोटो आणि क्रमांक वहीत लिहा, आणि शेजारी एक ओळ: हे नाणं कुणाचं, कुठून आलं, कुणी जपलं. ती वही डब्याबाहेर, वेगळी ठेवा. लेबलवर साल असतं, अंक असतो, आजीचं नाव नसतं. ते आपणच लिहायचं, आणि मुलांना वाचता येईल अशा अक्षरात.

शुभ दीपावली.