पाक, साफ आणि पाण्याचा हिशेब



मित्रांनो आणि बहिणींनो, आजचा विषय तहारतचा आहे. वजू, गुस्ल, पाकी, नापाकी. या विषयावर आपण मदरशात दहा-बारा वर्षांचे असताना ऐकतो आणि नंतर आयुष्यभर कुणाला काही विचारत नाही. मुलगा वयात येतो, त्याला गुस्ल कधी फर्ज होते हे मित्रांकडून कळते. मुलीला पाळी येते, तिला काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही याचीच यादी मिळते. उरलेले व्हॉट्सअ‍ॅप सांगते.

आधीच स्पष्ट करतो, मी आलिम नाही. इंजिनीअरिंग केले, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. मी फतवा देणार नाही. जे मसले सांगेन ते आपल्याकडे बहुतेक जण पाळतात त्या हनफी पद्धतीतले आणि हदीसच्या प्रसिद्ध संग्रहांतले आहेत. बारकावे जाणकारांना जरूर विचारा. विचारणे ही आपली जुनी रीत आहे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना थेट विचारले होते, की बाईला झोपेत स्वप्नदोष झाला तर तिच्यावर गुस्ल आहे का? सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले, की खरे सांगायला अल्लाह लाजत नाही. त्यांना उत्तर मिळाले. प्रेषितांनी त्यांना बेशरम म्हटले नाही. हजरत आयेशा (रजि.) तर अन्सारी स्त्रियांचे कौतुक करत, की लाजेमुळे त्यांचे दीन शिकणे अडले नाही. मदिन्यात जे विचारता येत होते, ते यवतमाळात का विचारता येऊ नये?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. पहिली म्हणजे हदस, नमाजसाठी वजू किंवा गुस्ल नसण्याची अवस्था. दुसरी नजासत, म्हणजे लघवी, रक्त यांसारखी प्रत्यक्ष घाण, जी अंगाला किंवा कपड्याला लागते. आणि तिसरी आपली रोजची स्वच्छता, घाम, धूळ, वास. या तिन्हींचे नियम वेगळे आहेत. एखाद्याचे अंग अगदी स्वच्छ असेल, साबण लावून आलेला असेल, तरी त्याचा वजू तुटलेला असू शकतो. उलट शेतातून मातीने भरून आलेल्या माणसाचा वजू शाबूत असू शकतो.

आमच्या कामात एखाद्या नियमाचा खरा अर्थ कळत नसेल तर तो टोकाच्या परिस्थितीत कसा चालतो ते तपासतात. वजूची ती टोकाची परिस्थिती म्हणजे तयम्मुम. पाणी मिळत नाही किंवा पाण्याने इजा होईल, तर स्वच्छ मातीवर हात मारायचे, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे, आणि नमाज पढायची. सूरह निसा आणि सूरह माइदा, दोन्हींत ही परवानगी आहे. आता सांगा, मातीने जंतू मरतात का? नाही. म्हणजे वजूने रक्तदाब उतरतो, वजूने अमका रोग बरा होतो, असले जे मेसेज आपण पुढे ढकलतो, ते वजूचा अर्थच चुकवतात. हात धुण्याचे फायदे आहेतच, ते कुणी नाकारत नाही. पण वजू जंतुनाशक असता तर त्याला मातीचा पर्याय दिलाच नसता. वजू ही अल्लाहसमोर उभे राहण्याची तयारी आहे. ती पाण्याने होते, आणि पाणी नसेल तर मातीनेही होते.

हे एकदा समजले की पुढचे तीन प्रश्न सोपे होतात. माणूस नापाक असतो का? पाणी किती वापरायचे? आणि शरीराचा हक्क कोणता?

पहिला प्रश्न. हजरत अबू हुरैरा (रजि.) मदिन्याच्या एका रस्त्यावर होते. त्यांच्यावर गुस्ल फर्ज होते. समोरून प्रेषित (स.) आले तसे ते हळूच सटकले, अंघोळ करून परत आले. कुठे गेला होतास, असे विचारल्यावर म्हणाले, अशा अवस्थेत आपल्याजवळ बसणे मला बरे वाटले नाही. प्रेषितांना आश्चर्य वाटले. मोमिन नापाक होत नसतो, असे त्यांनी समजावले. म्हणजे काय? अवस्था बदलते, माणूस तोच राहतो. गुस्ल बाकी असलेला माणूस हात मिळवू शकतो, बाजारात जाऊ शकतो, कुणाशीही बोलत बसू शकतो.

फिक्हच्या किताबांत उष्ट्या पाण्याचे एक प्रकरणच असते. तिथे हनफी मसला स्पष्ट आहे, की माणसाचे उष्टे पाणी पाक आहे. तो मुसलमान असो वा नसो, त्याच्यावर गुस्ल बाकी असो, बाईला पाळी आलेली असो, काही फरक पडत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने हा मसला पुन्हा एकदा वाचायला हवा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही कल्पना या मातीत इतकी खोल होती. आपल्या किताबांत ती नाही. पण म्हणून छाती फुगवण्याआधी आपल्या घराकडे पाहा. सफाईचे काम करणाऱ्याला वेगळा कप देणारी घरे आपल्यातही आहेत. एखाद्या बिरादरीच्या घरचे पाणी प्यायला मागेपुढे पाहणारे लोक आपल्यातही आहेत. त्यांना दीनमध्ये याचा आधार विचारा. मिळणार नाही.

हाच नियम पाळीला लागतो. पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, ती नंतर भरूनही काढायची नाही. रोजा तेव्हा ठेवायचा नाही, नंतर कजा करायचा. कुरआनच्या प्रतीला हात लावायचा नाही, असे हनफी आलिम सांगतात. हे नियम आहेत. पण लोणच्याला हात लावू नकोस, स्वयंपाकघरात येऊ नकोस, वेगळ्या अंथरुणावर झोप, हे नियम कुठून आले? प्रेषितांनी हजरत आयेशांना मशिदीतून चटई उचलून द्यायला सांगितली. त्या म्हणाल्या, मला पाळी आहे. उत्तर मिळाले, की ती काही तुझ्या हातात नाही. त्याच दिवसांत हजरत आयेशा भांड्याच्या ज्या जागी ओठ लावून पाणी पीत, तिथेच ओठ लावून प्रेषित पीत. त्यांच्या मांडीवर डोके ठेवून कुरआनची तिलावत करीत. बहिणींनो, घरात कुणी तुम्हाला नापाक म्हणाले तर हे सांगा. आणि भावांनो, रमजानमध्ये बहिणीला, वहिनीला लपूनछपून पाणी प्यावे लागत असेल, रोजा असल्याचे नाटक करावे लागत असेल, तर ती लाज आपण तिच्यावर लादली आहे. घरात मोकळेपणाने तिच्यासमोर ताट ठेवा.

अजून एक गोष्ट, जी अनेक मुलींना कुणी सांगत नाही. गुस्लसाठी घट्ट वेणी सोडावी लागते का, हे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी विचारले होते. उत्तर होते, नाही. डोक्यावर तीन ओंजळी पाणी घाल, मग अंगावर पाणी घे. केसांच्या मुळापर्यंत पाणी पोचले की झाले.

दुसरा प्रश्न पाण्याचा. यवतमाळकरांना 2018 चा उन्हाळा आठवत असेलच. आधीच्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होता. शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह प्रकल्प आटले. नळाला दिवसेंदिवस पाणी नव्हते, टँकर आला की गल्लीत गुंड आणि कॅनच्या रांगा लागत. बेंबळ्याचे पाणी कधी येणार हा एकच विषय होता. अशा शहरात आपण वजू कसा करतो?

बुखारी शरीफमध्ये हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. चार मुद्द म्हणजे एक साअ. एक मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर, हनफी हिशेबाने सुमारे एक लिटर. म्हणजे एका बाटलीत वजू आणि तीन-चार लिटरमध्ये अंघोळ. एवढ्यात माझे भागत नाही, असे कुणीतरी म्हटले तेव्हा हजरत जाबिर (रजि.) यांनी त्याला सुनावले, की ज्यांचे केस तुझ्यापेक्षा दाट होते आणि जे तुझ्यापेक्षा श्रेष्ठ होते त्यांचे भागत होते.

आता आपला हिशेब करू. समजा वजूखान्यातला नळ मिनिटाला सहा लिटर पाणी सोडतो आणि तो आपण दोन मिनिटे उघडा ठेवतो. बारा लिटर गेले. जुम्याला पाचशे नमाजी असतील तर सहा हजार लिटर. पाच हजार लिटरचा टँकर एका नमाजला पुरणार नाही. तेच प्रत्येकी एक लिटरने केले तर पाचशे लिटर लागतात. माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आपल्या मशिदीत नळाखाली बादली लावा, मोबाइलवर एक मिनिट मोजा आणि स्वतःचा आकडा काढा.

तीनदा धुणे सुन्नत आहे, एकदा धुणे फर्ज. तीनपेक्षा जास्त वेळा धुणे नापसंत आहे. तरी काही जण सात-सात वेळा धुतात, कोपर कोरडे राहिले असेल का या शंकेने पुन्हा सुरुवात करतात. याला वसवसा म्हणतात. तो परहेजगारी नाही. वजू झाल्याची खात्री असेल तर नुसत्या शंकेने तो तुटत नाही, हा फिक्हचा पक्का नियम आहे. आणि धुण्याची ही शंका दिवसभर पाठ सोडत नसेल तर तो आजारही असू शकतो. त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

दुष्काळातला आणखी एक मसला लक्षात ठेवा. जवळ थोडेच पाणी आहे आणि ते वजूला वापरले तर पिण्यासाठी उरणार नाही, अशी भीती असेल तर तयम्मुम करता येतो. यात फक्त स्वतःची तहान मोजत नाहीत. सोबतच्या माणसाची आणि जनावराचीही तहान मोजतात. म्हणजे फिक्हने वजूच्या आधी तहान ठेवली. मग ज्या मोहल्ल्यात बायका टँकरच्या रांगेत उभ्या आहेत, तिथल्या मशिदीचा नळ वाहता असणे आपल्याला पटते का?

तिसरा प्रश्न शरीराचा. एका सफरीत एका सहाबीच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुम चालेल का? ते म्हणाले, पाणी आहे ना, मग नाही चालणार. त्याने अंघोळ केली आणि तो दगावला. हे कळल्यावर प्रेषित (स.) संतापले. त्या लोकांनीच त्याला मारले, असे ते म्हणाले, आणि माहीत नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, असे बजावले. नियम माणसापेक्षा कठोर करून सांगणाऱ्याला इतके कडक शब्द मिळाले आहेत. प्लास्टर असेल, टाके असतील, भाजले असेल, तर पट्टीवरून ओला हात फिरवण्याची सवलत आहे. घरातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसाला थंड पाण्याने वजू करायला लावू नका.

आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट केल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. विष नाकातोंडातून गेले तसे कातडीतूनही गेले. आपल्यातले किती जण रोजंदारीने फवारणीला जातात, ते तुम्हाला माहीत आहे. दुपारपर्यंत फवारणी करायची, चेहरा-हात-पाय धुऊन वजू करायचा, जोहर पढायची आणि त्याच शर्टात जेवायला बसायचे. वजू झाला, नमाज झाली. पण पाठीवरचे, छातीवरचे विष तसेच आहे. जुन्या किताबांतल्या नजासतीच्या यादीत कीटकनाशक सापडणार नाही. म्हणून सुरुवातीला ते तीन कप्पे वेगळे केले. पाक असणे आणि सुरक्षित असणे एक नाही. फवारणीनंतर लगेच कपडे बदला, साबण लावून पूर्ण अंघोळ करा, ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. चक्कर आली, मळमळ झाली, डोळ्यांपुढे धूसर झाले तर दवाखाना गाठा, झोपून राहू नका. आणि मालकाकडे हातमोजे, मास्क मागा. शरीर अल्लाहची अमानत आहे असे आपण म्हणतो. त्या अमानतीसाठी मजुरीच्या ठिकाणी तोंड उघडणे हेही त्यातच आले.

आता कामाचे बोलतो. आपापल्या मोहल्ल्यात चार गोष्टी करता येतील. मशीद कमिटीशी बोलून वजूखान्याचे नळ कमी धारेचे करा, काही ठिकाणी लोटे ठेवा. वजूच्या पाण्याची नाली संडासापासून वेगळी काढा आणि ते पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडा. वयात येणाऱ्या मुलांना आणि मुलींना हे मसले शिकवायला महिन्यातून एक बैठक घ्या. मुलींची बैठक जाणकार बाईने घ्यावी आणि जमले तर सोबत एखादी डॉक्टर किंवा नर्स असावी. आणि फवारणीचे दिवस सुरू होण्याआधीच्या जुम्यात इमाम साहेबांना या विषयावर पाच मिनिटे बोलायची विनंती करा. हे ऐकायला लोक तिथे असतातच.

प्रश्न असतील तर आता विचारा. इथे सगळ्यांसमोर विचारायला अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका. ज्याचे उत्तर मला येत नसेल ते आलिमांना किंवा डॉक्टरांना विचारून कळवतो.