लोकशाहीचा देह आणि प्राण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून दूरच्या हंगेरी देशाविषयी बोलण्याचे मी योजिले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु निवडणुका नियमितपणे होत असूनही लोकशाही क्षीण होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या लहानशा देशाच्या अनुभवात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रांनी एक नवी व्यवस्था उभारली. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा आला आणि १९५७ च्या रोमच्या कराराने पश्चिम युरोपातील सहा राष्ट्रे आर्थिक सहकार्याने बांधली गेली. बलवानानेही नियमाच्या चौकटीत वागावे, हे या व्यवस्थेचे तत्त्व होते. ते नेहमीच पाळले गेले असे नाही. २००३ साली सुरक्षा समितीची संमती नसताना इराकवर स्वारी झालीच. तथापि तत्त्व मान्य होते म्हणूनच त्याच्या भंगाला भंग म्हणता येत होते.

हंगेरी या व्यवस्थेत मोठ्या आशेने आला. १९५६ च्या उठावानंतर फाशी गेलेल्या इम्रे नाज यांचा १६ जून १९८९ रोजी सन्मानपूर्वक पुन्हा दफनविधी झाला. त्या प्रसंगी बुडापेस्टच्या चौकात, सोव्हिएत सैन्याने परत जावे, अशी मागणी एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने केली. त्याचे नाव व्हिक्टर ओर्बान. २००४ साली हंगेरी युरोपीय संघाचा सभासद झाला.

पुढे २००६ साली, आपण जनतेशी खोटे बोललो, ही तत्कालीन पंतप्रधानांनी पक्षाच्या बंद बैठकीत दिलेली कबुली उघडकीस आली. २००८ च्या आर्थिक अरिष्टात तर देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. विटलेल्या जनतेने २०१० साली ओर्बान यांच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मते दिली. त्यांतून संसदेतील दोनतृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या, आणि घटना बदलण्यास एवढे बहुमत पुरेसे होते.

पुढे जे घडले ते कायदे करून घडले. नवी घटना १ जानेवारी २०१२ पासून अमलात आली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणून शेकडो ज्येष्ठ न्यायाधीशांना घरी बसविण्याची तजवीज झाली. मतदारसंघ नव्याने आखले गेले. २०१४ साली मते सुमारे ४५ टक्क्यांवर उतरली, तरी १९९ पैकी १३३ जागा हाती आल्या. त्याच वर्षी जुलै महिन्यात ओर्बान यांनी, आपण उभारीत असलेले राज्य उदारमतवादी नाही, असे जाहीर भाषणात सांगितले. २०१६ साली ‘नेपसबाडशाग’ हे प्रमुख विरोधी दैनिक बंद पडले. मतपेटी जागच्या जागी राहिली, परंतु मतदाराला दुसरी बाजू कळण्याच्या वाटा अरुंद झाल्या.

अशा राजवटीचे नामकरण रूढ करणारे लेखक फरीद झकारिया हे मूळचे मुंबईचे. निवडणूक आणि घटनात्मक स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीच्या पाठोपाठ दुसरी येतेच असे नाही, हे त्यांनी १९९७ सालीच दाखविले होते.

मग युरोपीय संघाने काय केले? त्याच्या न्यायालयाने २०१२ साली निवृत्तीचा तो कायदा अवैध ठरविला, पण तोवर अनेक जागांवर दुसरे येऊन बसले होते. २०१८ साली युरोपीय संसदेने सातव्या कलमाखाली कारवाईचा ठराव केला. तथापि मताधिकार स्थगित करण्यास अन्य सर्व राष्ट्रांचे एकमत लागते, आणि पोलंडचे तत्कालीन सरकार स्वतःच त्याच कलमाच्या चौकशीत सापडले होते. प्रवेश देताना कसून परीक्षा घ्यावयाची, आणि आत आल्यावर हात बांधून बसावयाचे, असा हा प्रकार! सुरक्षा समितीची स्थितीही निराळी नाही. युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव २५ फेब्रुवारी २०२२ रोजी खुद्द रशियानेच नकाराधिकाराने हाणून पाडला.

म्हणजे बाहेरून येणाऱ्या मदतीवर विसंबून चालत नाही. पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत सुमारे ७४ टक्के मतदान झाले आणि सत्तांतर घडले, ते तेथील नागरिकांनी घडविले. अर्थात विस्कटलेली न्यायसंस्था पूर्ववत करणे सत्तांतराइतके सोपे ठरले नाही. मोडावयास एक ठराव पुरतो, सांधावयास वर्षे लागतात.

राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता. तो एखाद्या पक्षाला नसून नागरिकाच्या मनोवृत्तीला दिलेला होता, आणि ती मनोवृत्ती आपल्यासारख्या लहान संस्थांतूनच घडत असते.

आपल्या मंडळालाही घटना आहे, हिशेबतपासनीस आहे, वार्षिक सभा आहे. बहुमताने निवडून आलेल्या कार्यकारिणीने उद्या हिशेबतपासनीस आपल्या घरचा नेमला, अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसविले, आणि आपण सर्वांनी “माणसे आपलीच आहेत” म्हणून हात वर केले, तर हंगेरीला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही. आपल्या माणसालाही नियम लावण्याचे धैर्य आपल्या मुलांनी याच सभांतून शिकावे, एवढे मागणे आपणापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.