उपवासाचे ताट आणि वडीलधाऱ्यांचे आरोग्य
(आसेगाव, जि. वाशिम येथील ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे, एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो भाविकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा अपुरी पडली. अनेकांना उघड्यावर, दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार द्यावे लागले.

एकादशी निष्ठेने पाळणारे बहुधा घरातील वडीलधारेच असतात आणि विषबाधेचा धोकाही त्यांनाच अधिक असतो. उतारवयात जठरातील आम्ल घटते, प्रतिकारशक्ती क्षीण होते. नासलेल्या अन्नाचा वास लवकर कळत नाही, तहानही उशिरा लागते. तरुण ज्या जुलाबातून दोन दिवसांत सावरतो, तोच वृद्धाच्या प्राणांवर बेतू शकतो.

भगर हे धान्य मुळात निर्दोष व पौष्टिक आहे. मात्र ओल लागल्यास तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषद्रव्ये निर्माण होतात. ती शिजविल्याने नष्ट होतीलच असे नाही. म्हणूनच सुटी भगर न घेता उत्पादकाचे नाव व मुदत छापलेली पाकीटबंद भगर घ्यावी, ती कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पीठ विकत न आणता लागेल तेवढेच घरी दळावे, असा अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. पाकिटावरील बारीक अक्षरे आजीला दिसत नाहीत. ती नातवाने वाचून दाखवावीत. शिक्षकांनी हा पाठ वर्गात अवश्य द्यावा.

अन्न टाकू नये, हा १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीचा संस्कार आहे. त्याचा मान बेताचे शिजविण्यात आहे, सकाळचे रात्री खाण्यात नाही. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत खावे. महाप्रसादाच्या वेळी पंचायतीने धान्याच्या खरेदीची पावती जपावी, पाणी शुद्ध असल्याची खात्री करावी आणि पहिली, गरम पंगत वृद्धांची बसवावी.

उलट्या-जुलाब सुरू होताच एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. वृद्धास ग्लानी आल्यास किंवा लघवी कमी झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उपवास श्रद्धेचा विषय आहे. त्याचे ताट निर्धोक राखणे हे घराचे आणि गावाचे कर्तव्य आहे.