खिडकीतला वाफा



आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता; गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्या काळी वर्गात मला हुशार समजायचे. आज मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पण सांगणार आहे एका लाकडी पेटीबद्दल.

बाबा गेल्यावर आईला पुण्याला आणलं. चौथ्या मजल्यावर तिचा जीव रमेना. "मूठभर सांबारही विकत आणा लागते," म्हणायची. (पुण्यात सांबार म्हटलं की लोकांना इडली आठवते, कोथिंबीर नाही!) म्हणून खिडकीत बसेल अशी पेटी करायला घेतली. कॉम्प्युटरवर मिलिमीटरपर्यंत आराखडा काढला, साधं प्लायवुड आणलं, खिळे ठोकले. पहिल्याच पावसाळ्यात प्लाय फुगला आणि रोपं सडली. तळाला एकही भोक नव्हतं. आई म्हणाली, "बांधीतलं पाणी काढायला वाट ठेवा लागते, हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगा लागते काय?"

मग मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राला फोन केला. तो आता सुतारकाम करतो. नाव घेऊ नको म्हणाला आहे. त्याचा पहिला प्रश्न, "ओली माती किती भरते, हिशेब केला काय?" नव्हता केला. तीन फूट लांब आणि आठ इंच रुंद-खोल पेटीत सुमारे अडतीस लिटर माती मावते; भिजली की पन्नास किलोच्या आसपास. त्यामुळे भार ग्रिलवर नको, काँक्रीटच्या ओट्यावर हवा, आणि मातीत कोकोपीट मिसळायचं.

लाकूड सागवान; त्यात मुळातच तेल असल्याने ते ओल आणि वाळवी सोसतं. ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून तळाच्या पट्ट्यांत थोडी फट. सहा-सहा इंचांवर भोकं, खाली पाय, आणि न गंजणारे स्टीलचे स्क्रू. बाहेरून जवसाचं तेल. तेलाचे फडके मात्र गोळा करून ठेवायचे नाहीत, पसरून वाळवायचे; नाहीतर आपोआप पेटू शकतात.

तीन रविवार तो व्हिडिओ कॉलवर शिकवत होता. एकदाही चिडला नाही. तेव्हा मला दहावीचं वर्ष आठवलं. तो माझी गणिताची वही मागायला आला होता आणि परीक्षा जवळ आली म्हणून मी दिली नव्हती. त्या वर्षी तो नापास झाला. परवा हे बोलले तर हसला, "एका वहीनं नापास नाही होत कोणी."

नसेल होत. तरी वही द्यायला हवी होती. तू मागच्या रांगेत बसला आहेस. सगळ्यांसमोर माफी मागते.

पेटीने दोन पावसाळे काढले. आई त्यात सांबार लावते आणि तुझी चौकशी करते. कोणाला पेटी करायची असेल तर मापं माझ्याकडून घ्या, बाकी सगळं त्याला विचारा.