पहिला आणि तिसरा शनिवार

(कुटुंब न्यायालयांत मुलांची बाजू मांडणाऱ्या समुपदेशक व वकिलांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदासाठी फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. विवाह समुपदेशकाची सगळी नोकरी दार लावून, हळू आवाजात बोलण्यात जाते. माइक समोर आला की आमचा घसा कोरडा पडतो. तरी आले, कारण एक जुनी चूक कबूल करायची आहे, आणि ती ऐकायला याहून योग्य मंडळी मला भेटणार नाहीत.

तपशील थोडे बदलून सांगते. एक जोडपं माझ्याकडे चार बैठकांना आलं. दोघंही समंजस, एकमेकांशी नसले तरी माझ्याशी. पाचव्या बैठकीत तडजोड झाली. मुलगा आईकडे राहणार, वडिलांना पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच भेट, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. कन्सेंट टर्म्सचा कच्चा मसुदा मीच लिहून दिला. सह्या झाल्या. महिनाअखेरीच्या तक्त्यात ‘तडजोड’ या रकान्यात माझा एक आकडा वाढला, आणि मी त्या दिवशी घरी जाताना आनंदाने चक्क रिक्षा केली.

सहा महिन्यांनी तीच फाइल परत आली. वडिलांचा अर्ज होता : आई मुलाचे कान भरते, मुलगा भेटायला येत नाही. आईचं म्हणणं होतं : मुलाला वडिलांची दहशत बसली आहे, शुक्रवारी रात्री तो जेवत नाही. दोन्ही कागद विशेषणांनी गच्च भरलेले. मुलाशी बोलून अहवाल द्या, असा आदेश झाला.

मुलगा आला. दहा वर्षांचा, दोन्ही गुडघे सोललेले. आमच्या मुलांच्या खोलीत तेव्हा चाकं निघालेली एक प्लास्टिकची गाडी आणि तीन वर्षांच्या पोराला शोभतील असे ठोकळे होते. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. वीस मिनिटं गप्प. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत त्याने विचारलं, “बाई, शनिवार कुणी ठरवला?”

मी म्हटलं, “का रे?”

“शनिवारी खो-खोची प्रॅक्टिस असते. सर म्हणाले, दोन शनिवार येत नाहीस, तू राखीवमध्ये. मी खांबावर चांगला पळतो.” थोडं थांबून म्हणाला, “बाबा तर रविवारी पण मोकळेच असतात.”

शनिवार मी ठरवला होता.

मामला तेवढ्यावरच मिटला असं समजू नका. पुढच्या दोन भेटींत त्याने हेही सांगितलं, की बाबा भेटले की आईबद्दल विचारत बसतात. आणि बाबांकडे जायचा दिवस आला की आई घरात भांडी आपटते. म्हणजे अर्जात थोडं खरं होतं, म्हणण्यातही थोडं खरं होतं. पण दोन्ही कागदांत खो-खो कुठेच नव्हता. आणि माझ्या पाच बैठकांत तो मुलगाच कुठे नव्हता! मी त्याला एकदाही भेटले नव्हते. आईबाप तडजोडीला तयार होते. मधे मुलाला आणून कशाला घोळ घालायचा, असा माझा विचार. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. फॅमिली कोर्टात तिसरा कोपऱ्यात उभा असतो.

आपल्या भाषेकडेच बघा. मुलासाठी आपण ‘ताबा’ हा शब्द वापरतो. फ्लॅटचा ताबा, शेतजमिनीचा ताबा, मुलाचा ताबा. दाव्याचं शीर्षक अमुक विरुद्ध तमुक. मूल शीर्षकात नसतं, ते शेवटच्या पानावर मागण्यांच्या यादीत असतं. पोटगीच्या आधी किंवा नंतर. अज्ञान व्यक्ती स्वतः पक्षकार असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ मुळे तिला वादमित्र किंवा पालक मिळतो. ताब्याच्या वादात मूल पक्षकार नसतंच, म्हणून तो दरवाजाही सहसा उघडत नाही.

कायदा अगदी मुका आहे असं मात्र नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचं कलम १७ म्हणतं, की समजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८८८ मध्ये, मुंबईत रखमाबाईंचा खटला तडजोडीने संपला होता. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न मोठेपणी नाकारलं, म्हणून १८८७ मध्ये त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला होता. अकरा वर्षांच्या मुलीला तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने मुलाचं कल्याण सर्वोपरी मानलं. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला मान्यता दिली. त्यातला अनुच्छेद १२ सांगतो, की मुलावर परिणाम करणाऱ्या न्यायालयीन कामात त्याचं म्हणणं थेट किंवा प्रतिनिधीमार्फत ऐकलं जावं. ‘प्रतिनिधी’ हा शब्द तिथे स्पष्ट आहे. आपल्याकडे तो प्रतिनिधी कोण, एवढाच प्रश्न उरतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही आहोत की! इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाचं कलम ९ वाचा. समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि त्या कामी आपण त्याचे हात आहोत. कलम ६ ने आपल्याला नेमलं ते प्रामुख्याने यासाठी. आता समेट करणारा माणूस पायाखाली वाट शोधतो. ज्या गोष्टीने वाट अडेल ती तो बाजूला सरकवतो. मूल बऱ्याचदा वाट अडवतं. दोघांनी कबूल केलेला शनिवार मुलाला नको असतो. मग आपण म्हणतो, “पोराला काय, होईल सवय.” एकाच खुर्चीवर बसून एका हाताने तडजोड घडवायची आणि दुसऱ्या हाताने मुलाची बाजू धरायची, हे मला जमलं नाही. तुमच्यापैकी कुणाला जमत असेल तर मला कौतुक आहे, पण विश्वास नाही.

इंग्लंडला हे फार कडू मार्गाने कळलं. ब्रायटनच्या मारिया कोलवेलचं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. नातेवाइकांकडे वाढणारी ही मुलगी परत मिळावी म्हणून आईने १९७१ मध्ये अर्ज केला. स्थानिक प्रशासनाने विरोध केला नाही. आई मागते आहे, प्रशासन हरकत घेत नाही; मग कोर्टापुढे वाद असा उरलाच नाही. मारियाला जायचं नव्हतं, पण ते सांगायला तिच्या बाजूने उभं राहणारं स्वतंत्र माणूस नव्हतं. जानेवारी १९७३ मध्ये सावत्र बापाच्या मारहाणीत ती गेली. वय वर्षं सात. चौकशी झाली, आणि १९७५ च्या कायद्यात मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधीची तरतूद आली. पुढे १९८९ च्या कायद्याने ती पक्की केली. आज तिथे मुलाला सरकारी देखभालीत घेण्याच्या प्रकरणांत मुलाचा एक गार्डियन असतो आणि वेगळा सॉलिसिटरही. आईबापांमधल्या वादात मात्र तिथेही सरसकट गार्डियन मिळत नाही; गुंतागुंतीच्या प्रकरणातच मिळतो. अमेरिकेत १९७७ मध्ये सिअॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलांसाठी कोर्टात उभं करायला सुरुवात केली. तिकडचं सगळं इकडे आणावं असं मी म्हणत नाही. पण मारियाच्या प्रकरणातला एक धडा आपल्या कन्सेंट टर्म्सना अगदी लागू आहे : कुणाचीच हरकत नसते, तेव्हा मूल सर्वांत एकटं असतं.

मग माझी मागणी काय? तडजोड ज्या समुपदेशकाने घडवली, त्यानेच मुलाचा अहवाल देऊ नये. मुलासाठी वेगळं माणूस असावं, आणि संमतीच्या अटींवर न्यायाधीशांची सही होण्याआधी त्या माणसाने मुलाला निदान दोनदा भेटलेलं असावं.

यावर वकील मित्र लगेच विचारतात : तारखा वाढतील, पैसे कोण देणार? तारखा वाढतील हे खरं आहे. माझ्या त्या तडजोडीच्या तारखाही वाचल्या नाहीत, नंतर दुपटीने लागल्या. पैशाचं उत्तर कायद्यातच पडून आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार मूल हे मूल असल्यामुळेच मोफत वकिलाला पात्र आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्नच येत नाही. कुटुंब न्यायालयाला न्यायमित्र नेमता येतो, हे कुटुंब न्यायालय अधिनियमाचं कलम १३ सांगतं. मानसशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या जाणकाराची मदत घेता येते, हे त्याच अधिनियमाचं कलम १२. तीन दरवाजे आहेत, कड्या आतून लागलेल्या नाहीत. जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मुलांच्या कामासाठी वेगळे, शिकवलेले वकील ठेवा, एवढंच तर करायचं आहे. पॉक्सोच्या प्रकरणांत मुलाबरोबर सहायक व्यक्ती देण्याची व्यवस्था नियमांत झालीच ना?

आता आपल्या कसबाबद्दल थोडं बोलते. “तुला कुणाकडे राहायचंय?” हा प्रश्न कृपा करून विचारू नका. तो प्रश्न नसतो, न्यायाधीशाची खुर्ची उचलून पोराच्या डोक्यावर ठेवणं असतं. सोमवारी सकाळी डबा कोण भरतं, ताप आला की कुणाला उठवतोस, गृहपाठाची वही कुठल्या घरात राहते, असं विचारा. आणि मुलाचं वाक्य जसंच्या तसं अहवालात टाकायच्या आधी दोनदा विचार करा. मी एकदा एका मुलीचं वाक्य अवतरणात लिहिलं. प्रती दोन्ही बाजूंना गेल्या. पुढच्या भेटीत वडिलांनी ते तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, “असं म्हणालीस तू?” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटतं, इतर कुणाशीही बोलली नसावी.

लेबलांबद्दलही तसंच. मूल भेटायला नाही म्हणालं की हल्ली निम्म्या अर्जांत ‘पॅरेंटल एलिएनेशन’, म्हणजे एका पालकाने मुलाला दुसऱ्याविरुद्ध फिरवणं, येतं. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही संज्ञा वापरली, तेव्हापासून ती फारच चलनात आली. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं, की घाईने शिक्का मारू नका, नेमकं कोणतं वागणं घडलं ते दाखवा. नेमकं वागणं! भांडी आपटणं हे वागणं आहे. खो-खोची प्रॅक्टिस हे मात्र एलिएनेशन नव्हे.

दुपारच्या सत्रात मुलाच्या अहवालाचा एक नमुना चर्चेला येणार आहे. त्यात मुलाचं म्हणणं एका भागात आणि आपलं मत दुसऱ्या भागात, असं केलं आहे. मुलाचं म्हणणं आणि मुलाचं हित नेहमी एक नसतं, म्हणून ते एकाच परिच्छेदात कालवू नये. कालवलं की न्यायाधीशांना आपला आवाज मुलाचा म्हणून ऐकू येतो. शेवटी मी पेन्सिलने एक ओळ वाढवली आहे : अहवाल दाखल करण्यापूर्वी मुलाला त्याच्या वयाला समजेल असा वाचून दाखवला का, हो किंवा नाही. त्यावर समितीतल्या दोघांची सक्त हरकत आहे. त्यांचं म्हणणं, मूल घाबरेल आणि शब्द मागे घेईल. माझं म्हणणं, शब्द मागे घ्यायचा हक्क त्याला असावा. वाद मिटलेला नाही. जेवणानंतर डोळे मिटायच्या आत आपण तो घ्यावा, अशी विनंती करून मी माइक सोडते.